हेरवाडकर साहेबांचे बारा कागद

अब्बासने ढोलकीच्या दोऱ्या सैल केल्या, तिला पिवळी खोळ चढवली आणि ती आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"ही ठिव तुज्यापाशी," तो म्हणाला. "म्या चाललो."

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात आमचा खेळ नुकताच संपला होता. दुपारचे चार वाजले असतील. माझ्या तोंडाला अजून काळा रंग होता आणि नाकावर पुठ्ठ्याची हातभर सोंड बांधलेली होती, कारण हिवतापाच्या त्या वगात मी डास व्हायचो. आमचं पाच जणांचं कलापथक. मी सोंगाड्या आणि पथकाचा म्होरक्या, माझी बायको हौसा गाणारी, अब्बास मुलाणी ढोलकीवर, जालिंदर पेटीवर आणि झांज वाजवायला हौसाचा भाऊ पोपट. त्यातला अब्बास वीस वर्षांपासून माझ्याबरोबर होता. त्याने ढोलकी दुसऱ्याच्या मांडीवर ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती.

"आरं, पर झालं काय?"

"आदी सोंड काढ. सोंडंसंगं काय बोलू?"

मी सोंड काढली. अब्बासने खिशातून घडी घातलेला एक छापील कागद काढला. ज्या आरोग्य संस्थेसाठी आम्ही गावोगाव खेळ करायचो, तिच्या वार्षिक अहवालातलं ते पान होतं. त्याची मुलगी नसीम बारावीला होती. संस्थेने तिच्या कॉलेजात अहवाल वाटले आणि त्यात बापाचं पथक आहे म्हणून पोरीने कौतुकाने पान फाडून घरी आणलं होतं.

"बावन्न खेळ," अब्बास म्हणाला. "खर्च दोन लाख आठ हजार. नसीमला म्या तीनदा भागाकार कराय लावला. तिन्ही बारी चार हजारच आलं. आन् तू आमास्नी किती सांगतोस?"

मी सोंडेचा दोरा बोटाला गुंडाळायला लागलो.

"सांग की."

"छत्तीसशे."

"मग वरचं चारशे कुटं जात्यात? हर खेळाला?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि जिभेवरच राहिलं. लोकांपुढे तीन-तीन तास तोंडाचा पट्टा चालवणारा मी, पण त्या वेळी मला शब्द फुटेना.

"डासाचं सोंग तुला लई शोभतंय, सर्जा," अब्बास म्हणाला. "रगत पितोस, आन् ते बी आमचंच."

आणि तो गर्दीतून निघून गेला. मी ढोलकी मांडीवर घेऊन बसून राहिलो. समोर दोन पोरं मला अजून डास समजून चापट्या मारायचा खेळ करत होती.

आता मी का बोललो नाही, ते सांगायला हवं. या गोष्टीला बारा वर्षं झाली, आता लाज वाटायचं कारण नाही.

आमच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला सुपारी म्हणतात. माझे मामा तमाशात मॅनेजर होते, मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. मामांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. सुपारी ज्याच्या हातून मिळते त्याला दहावा हिस्सा द्यायचा, ही पहिली. आणि दुसरी अशी, की त्या दहाव्याबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. कलाकारांजवळ नाही, बायकोजवळ नाही. पावती तर मागायचीच नाही. "दलाली बोलली की सुपारी तुटली," मामा म्हणायचे. मी पुढे स्वतःचं पथक काढलं तेव्हा सुपाऱ्या मीच आणायचो, म्हणजे रीतीप्रमाणे दहावा हिस्सा माझाही होता. पण तो मी कधी घेतला नाही. पाच माणसं, पाच सारखे वाटे, एवढाच आमचा कायदा होता.

संस्थेचं काम मिळालं तेव्हा विट्याच्या ऑफिसात हिशेब विभागाला हेरवाडकर नावाचे साहेब होते. सडसडीत बांधा, कपाळाला उभ्या आठ्या, खिशाला दोन पेनं. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणायचे आणि तोच प्यायचे. पहिल्या पैशाच्या वेळी त्यांनी माझ्यापुढे चार हजारांच्या दराचं व्हाउचर सहीला ठेवलं आणि चेक मात्र छत्तीसशेच्या दराने दिला.

"दहा टक्के कापलेत," ते म्हणाले. "टीडीएस. माहीत आहे ना?"

जास्तीवर सही आणि हातात कमी. हे मला माहीत नसेल तर कोणाला असणार? पंचायतीत त्याला चहापाणी म्हणतात, जत्रा कमिटीत देवाचा वाटा म्हणतात. ही शिकलेली माणसं, त्यांनी तीन इंग्रजी अक्षरं लावली असतील, असं मला वाटलं.

"ठाऊक हाय साहेब," मी म्हणालो आणि एक डोळा बारीक केला. "रीतच हाय ती."

त्यांनी मान हलवली. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता आकडा सांगून मोकळा. पुढे दर तीन महिन्यांनी ते म्हणायचे, "अवघडे, तुमचा टीडीएसचा कागद तयार आहे, घेऊन जा." मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे. खाल्लेल्या पैशाची पावती कोण देतं? मामा सांगायचे, दलाल मुरलेला असला की असं चाचपून बघतो. मी हात जोडून म्हणायचो, "कागद कशाला साहेब? आपला काय अविश्वास हाय का?" आणि पुन्हा डोळा बारीक करून निघायचो. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन गेलो, तर त्यांनी ते परत उचलायला लावलं. घरी येताना मी मनात म्हटलं, काय तत्त्वाचा माणूस आहे. ठरलेल्या दहाव्यावर एक शेंग घेत नाही.

आणि आता त्याच दहाव्यापायी वीस वर्षांचा दोस्त मला चोर म्हणून निघून गेला होता.

घरी आल्यावर हौसाने तोंडाचा रंग पुसायला तेल दिलं आणि समोर बसली.

"अब्बासभावजी म्हणत्यात ते खरं हाय?"

"न्हाई."

"मग चारशे कुटं गेलं?"

"ते सांगता येत न्हाई."

"तुमी चोर न्हवं, येवढं मला कळतं," ती म्हणाली. "चोराच्या बायकूच्या अंगावर एकांदं पातळ तरी नवं दिसतं. पर तुमी कायतरी दडवताय. आन् ज्ये दडवताय त्येच्यापायी पथक मोडाय लागलंय."

रविवारी जालिंदर आला. ओट्यावर बसला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, पण चहाला हात लावला नाही. आमच्याकडे चहा न पिता कोणी उठलं की समजावं, मनात किल्मिष आहे. जाता जाता म्हणाला, "बुधवारी मी यीन. पर अब्बास नसला तर मग माझं बी काय खरं न्हाई." बुधवारी संस्थेच्या मोठ्या साहेबांपुढे खेळ होता. त्यावर पुढच्या सालाचं काम ठरणार होतं. ढोलकी नाही तर खेळ नाही आणि खेळ नाही तर पाच घरांची चूल थंड. पण खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला चुलीपेक्षा अब्बासच्या त्या बोलण्याचंच जास्त लागलं. रगत पितोस, म्हणाला.

संध्याकाळी मी मामांची आज्ञा मोडली आणि हौसाला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढंच ना? मग साहेबालाच म्हणा की, अब्बासभावजींस्नी सांग म्हणून. खातोय त्यो, आन् शिव्या तुमी का खायच्या?"

बायकोचा सल्ला ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण दुसरा मार्ग मलाही सुचत नव्हता.

सोमवारी सकाळी मी विट्याच्या एसटीत बसलो. ढोलकी बरोबर घेतली होती. ती घरी ठेवली असती तर तिच्याकडे बघून हौसाने पुन्हा काहीतरी विचारलं असतं. हेरवाडकर साहेब टेबलावर मान घालून लिहीत होते. शेजारी थर्मास होता.

"अवघडे? आज कसे काय? आणि हे काय, ढोलकी?"

"साहेब, दार लोटून घेऊ का?"

"कशाला?"

"जरा नाजूक गोष्ट हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी दार लोटलं, खुर्चीच्या कडेवर बसलो आणि रात्रभर घोकून ठेवलेलं भाषण सुरू केलं.

"साहेब, तुमच्या-माझ्यात साडेतीन वर्सांत कवा वाकडा शब्द झाला न्हाई. तुमी आमच्या सुपारीतला दहावा हिस्सा घेता, त्याबद्दल माजी रतीभर तक्रार न्हाई. दुनिया पंधरा-वीस टक्के खाते, तुमी दहाच खाता. वर शेंगासुद्दा घेत न्हाई. असा सज्जन माणूस म्या बगितला न्हाई. पर आता माजं पथक फुटाय लागलंय. अब्बास मला चोर म्हणतोय. तवा तुमी फक्त एकदा, कोपऱ्यात घिऊन, त्याला सांगा की पैसे सर्जेराव खात न्हाई, म्या खातो. म्हंजे तुमी खाता. त्यो कुणाला बोलणार न्हाई. कुराणाची शपत घ्यायला लावतो त्याला."

हेरवाडकर साहेबांच्या तोंडाचा रंग आधी गेला आणि मग परत आला, तो लाल होऊन आला.

"मी काय खातो?" त्यांनी विचारलं.

"दहावा हिस्सा. तुमी त्याला टीडीएस म्हणता."

त्यांनी खाली ठेवलेलं पेन उचलून त्याला टोपण लावलं. मला वाटलं, आता शिपायाला हाक मारतील आणि मला बाहेर काढतील. बुधवारचा खेळही गेला आणि पुढचं सालही गेलं.

"साडेतीन वर्षं," ते हळू आवाजात म्हणाले. "साडेतीन वर्षं तुम्ही मला लाचखाऊ समजत होतात? आणि दर वेळी हात जोडून नमस्कार करत होतात?"

"लाचखाऊ कसं म्हणीन साहेब? रीतीचा माणूस म्हणत होतो."

"आणि ते डोळे मिचकावणं? मला वाटायचं, तुमच्या डोळ्याला काहीतरी विकार आहे. मी एकदा घरी बोललोसुद्धा, की त्या कलाकाराला डोळे तपासायला सांगायला हवं."

ते उठले. कपाट उघडून त्यांनी एक खाकी फाइल काढली आणि माझ्यापुढे टाकली. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'स. बा. अवघडे. नेले नाहीत.' आत कागद होते. मी मोजले, बारा भरले; शेवटच्या सहा महिन्यांचे अजून यायचे होते. प्रत्येकावर माझं नाव, खाली आकडे आणि शिक्का.

"हे बघा," ते म्हणाले. ते माझ्याकडे न बघता कागदांकडे बघून बोलत होते. "पैसे मी कापले. मला तसा कायदाच आहे, नाही कापले तर दंड मला. पण कापलेला एकेक रुपया सरकारात भरला. कोणाच्या नावावर भरला?"

"तुमच्या?"

"तुमच्या! तुम्ही मला पॅन कार्डाची झेरॉक्स दिली होती ना? त्या नंबरावर. हे त्याचे दाखले. उत्पन्नावरचा कर सरकार आधीच, पैसे देणाऱ्याच्या हातून कापून घेतं. वर्ष संपलं की आपण हिशेब मांडायचा. कर जास्त निघाला तर वर भरायचा. कर बसतच नसेल तर कापलेलं सगळं परत मिळतं. तुमच्या स्वतःच्या वाट्याला वर्षाला किती येतात?"

"गाडीखर्च जाऊन खेळाला सहाशे. गेल्या साली बावन्न खेळ झाले."

"म्हणजे एकतीस हजार दोनशे. त्यावर एक पैसासुद्धा कर नाही."

माझ्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं, पण विश्वास बसेना.

"म्हंजे साहेब, ते चारशे..."

"तुमचेच आहेत. पाचही जणांचे. सरकारात पडून आहेत, आणि मागितल्याशिवाय येणार नाहीत."

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. आम्ही साडेतीन वर्षं रडायचं सोडून आईकडे बघून डोळा मारत होतो.

"पहिल्या सालाचे आठ हजार मात्र गेले," ते पुढे म्हणाले. "त्याची मुदत गेल्या मार्चला संपली. मी तेव्हा तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'असू द्या साहेब, आपल्यात काय हिशेब.' मधल्या दोन वर्षांचे एकोणचाळीस हजार दोनशे येतील. त्यातल्या एका वर्षाची मुदत या एकतीस मार्चला संपते आहे. आज फेब्रुवारीची चार तारीख. तुमचा तो अब्बास भांडला नसता तर तेही गेले असते."

आणि मग मला हसू आलं. थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि माझं मलाच कळेना की मी हसतोय की रडतोय. दोन दिवस छातीवर धोंडा होता, तो कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. मी चोर नव्हतो, हे मला ठाऊकच होतं. पण समोरचाही चोर नव्हता. जगात कोणीच काही खाल्लं नव्हतं, आणि हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

मी उठून त्यांचे पाय धरायला गेलो, तर ते खुर्चीसकट मागे सरकले. "बसा, बसा," म्हणाले. मग त्यांनी थर्मास उघडला. एका कपात अर्धा चहा ओतला, झाकणात अर्धा ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"अब्बास कुठे राहतो?" त्यांनी विचारलं.

"नेलकरंजीला. साहेब, कागद द्या, म्या दावतो त्याला."

"तुम्ही नाही. मी येतो." त्यांनी रजेचा अर्ज लिहायला घेतला. "तुमच्या अब्बासच्या लेखी तुम्ही चोर आहात. तुम्ही कागद दाखवलेत तर तो म्हणेल, साहेबही सामील आहे. म्हणजे माझंही नाव गेलंच की. एकतीस वर्षं नोकरी केली मी."

दुपारी आम्ही दोघं एसटीच्या एका बाकड्यावर बसून नेलकरंजीला गेलो. माझ्या मांडीवर ढोलकी, त्यांच्या मांडीवर फाइल. तिकिटाचे पैसे मी काढायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आता तरी नको."

अब्बास अंगणात शेळीला पाला घालत होता. माझ्याबरोबर पांढऱ्या शर्टातला माणूस बघून त्याने हात पुसले, खाट टाकली आणि घरात हाक मारली. नसीम पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे मात्र अब्बासने बघितलं नाही.

"तू नसीम ना?" साहेबांनी विचारलं. "भागाकार तूच केलास? अगदी बरोबर केलास. आता हे वाच. मोठ्याने."

त्यांनी एकेक कागद तिच्या हातात दिला. पोरीने माझं नाव वाचलं, किती दिले ते वाचलं, किती कापले ते वाचलं, सरकारात कुठल्या तारखेला भरले ते वाचलं. बाराही कागद वाचले. मग साहेबांनी मला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "यातलं काही खोटं वाटलं तर विट्यात तीन सीए आहेत, कोणालाही दाखवा. माझ्या शब्दावर ठेवू नका."

नसीमने बोटांवर काहीतरी मोजलं आणि बापाकडे बघून मान हलवली.

अब्बासने उरलेला पाला शेळीपुढे टाकला. मग मला म्हणाला, "हे ठाऊक न्हवतं तर न्हवतं. पर तुला वाटत हुतं ना, सायेब खातोय म्हणून? मग शनवारी त्ये तरी का बोलला न्हाईस? तोंडात काय मूग हुतं?"

"दलाली बोलली की सुपारी तुटती. मामा म्हणायचा."

"तुज्या मामाच्या..." अब्बास जोरात सुरू झाला, मग त्याला पांढऱ्या शर्टाची आठवण झाली आणि त्याने पुढचं गिळलं.

साहेब तोंड फिरवून हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

अब्बासने माफी मागितली नाही. त्याने माझ्या मांडीवरची ढोलकी ओढून घेतली, खोळ काढली आणि दोऱ्या ताणल्या. कान लावून एक थाप दिली.

"उतारलीया," तो म्हणाला. "तुज्या घरात हिला थंडी बाधली."

बुधवारचा खेळ झाला. मोठ्या साहेबांना डास फार आवडला आणि पुढच्या सालाचं काम आम्हाला मिळालं. हेरवाडकर साहेबांनी मला एका सीएकडे नेलं, दोन्ही सालांची विवरणपत्रं मुदतीत भरून घेतली आणि त्याची फी स्वतः घासाघीस करून कमी करायला लावली. मग वाट बघणं आलं. एप्रिल गेला, मे गेला. मी दर आठवड्याला बँकेत पुस्तक भरून आणायचो. हौसा म्हणायची, "सरकार बी डोळा मारत असंल."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाले. एकोणचाळीस हजार दोनशेचे व्याज धरून त्रेचाळीस हजार दोनशे झाले होते. सरकारने आपल्याला व्याज द्यावं, हे ऐकून जालिंदर दोनदा म्हणाला, "परत बघ, चुकून दुसऱ्याचं आलं आसंल."

त्या दिवशी पाचही जण आमच्या ओट्यावर जमले. जालिंदरने दोन कप चहा प्यायला आणि तिसरा मागितला. मी बँकेतून आणलेल्या नोटा मध्ये ठेवल्या आणि पाच वाटे करायला घेतले.

"थांब," अब्बास म्हणाला.

त्याने नोटा आपल्याकडे ओढल्या. थुंकी लावून सावकाश मोजल्या आणि चार हजार तीनशे वीस बाजूला काढले. उरलेल्याचे पाच वाटे केले. मग बाजूचे पैसे उचलून माझ्यापुढे सरकवले.

"हे काय?"

"ह्यो दहावा. सुपारी कोण आणतं? तूच ना?"

"आपल्यात तसं ठरलं न्हाई, अब्बास."

"न्हवतं ठरलं." तो माझ्याकडे बघत नव्हता, नोटांच्या कडा सारख्या करत होता. "वीस वर्सं तू सुपाऱ्या आणल्यास. एकदाबी दहावा मागितला न्हाईस. आन् म्या तुला भर बाजारात डास म्हनलं."

हौसाने पदर तोंडाला लावला. सोंगाड्या रडला की फार वाईट दिसतं, म्हणून मी खाली बघत नोटांकडे हात नेला.

अब्बासने चटकन त्या नोटांवर आपला पंजा ठेवला.

"आसं न्हाई," तो म्हणाला. खिशातून त्याने वहीचा एक कागद काढला. नसीमच्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'पथकाकडून सुपारीचा दहावा हिस्सा, रुपये चार हजार तीनशे वीस, रोख मिळाले.' खाली सहीसाठी रेघ मारलेली होती.

"आदी सही. कागदाबिगर तुजा काय भरवसा न्हाई."

मी सही केली, तारीख घातली. मग अब्बासला म्हणालो, "आता माजी प्रत दे."